बाल्कनीत उभं केलेलं दार

मी दार बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय! आजवर मी फक्त करकरलो, तेही बिजागऱ्यांत तेल घालायचा सगळ्यांना कंटाळा आला तेव्हा. पण आता डोक्यावरून पाणी गेलंय. ज्या घराची मी इतकी वर्षं इमानेइतबारे चाकरी केली, त्या घराने मला चौकटीतून उपटलं आणि बाल्कनीत नेऊन भिंतीला टेकवलं. का? तर म्हणे पोरगी ऐकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. इथे तर चोरसुद्धा नव्हता.

माझा जन्म काही थोर नाही. सागवान-बिगवान माझ्या नशिबी नव्हतं. लाकडाच्या पट्ट्या दाबून वरून प्लायवूड चिकटवलं की माझ्यासारखी दारं कारखान्यातून ढिगाने बाहेर पडतात. घराचं मुख्य दार मात्र खऱ्या लाकडाचं. त्याला पॉलिश, त्याला नावाची पाटी, त्याला बेल. चोराला अडवतं म्हणून त्याचा मान. मी पडलो आतलं दार. मी अडवून अडवून कुणाला अडवणार? घरच्याच माणसांना. म्हणून माझ्यावर कुणाची मेहेरनजर नाही.

सुताराने मला छोट्या खोलीला बसवलं तेव्हा तिथे रिकामी खोकी आणि एक मोडकी खुर्ची होती. मग खोकी गेली आणि पाळणा आला. पाळण्यात एक गुबगुबीत मुलगी आली. बापाने तिचं नाव ठेवलं ढमी. खरं नाव वेगळं आहे, पण ते शाळेपुरतं.

ढमी रांगायला लागली आणि माझ्यामागे लपायला लागली. पाय बाहेर दिसायचे, तरी आई घरभर शोधायची, "कुठे गेली बाई माझी ढमी?" मग मी ढकलला जायचो आणि "कुऽऽक!" व्हायचं. दिवसातून कितीदा, त्याचा हिशोब नाही. एकदा मात्र तिचं बोट माझ्या फटीत सापडलं. काय तो आकांत! आई धावत आली, बोट तोंडाशी धरून फुंकलं आणि मग माझ्याकडे वळून मला फाडफाड दोन चापट्या मारल्या. "वाईट दार! माझ्या बाळाला चावतं? हात् रे!" पोर हसली. तिनेही इवल्या हाताने मला एक ठेवून दिली.

तेव्हा मला गंमत वाटली होती. आता वाटतं, या घराला वाईट सवय तिथेच लागली. दुखलं-खुपलं की दाराला मारायचं.

आई-बापांची ओळख करून देतो. बाप फ्रिज आणि धुण्याची मशीन दुरुस्त करतो. हातात जादू आहे त्याच्या, तेवढं मी मान्य करतो. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे: "झाकण काढल्याशिवाय बिघाड कळत नाही." कुणाच्याही घरी गेला की आधी स्क्रू काढायचे, झाकण बाजूला ठेवायचं आणि मग आत बॅटरी मारायची. मशीनला ते चालतं. मशीन काही लाजत नाही.

आई पार्लरमध्ये काम करते. दिवसभर उभी. लोकांचे केस कापता कापता लोकांचं ऐकायचं, हे तिचं अर्धं काम. खुर्चीत बसलेल्या बायका सल्ले देतात आणि आई ते केसांबरोबर झाडून टाकायच्या ऐवजी घरी घेऊन येते.

पण याच आईने एक फार चांगली गोष्ट केली होती. ती सांगितली नाही तर माझा राग कशाचा, हे तुम्हाला कळायचं नाही.

ढमी पहिली-दुसरीत असेल. बापाचं वीज तपासायचं मीटर तिच्या हातून फुटलं. ती खोलीत पळाली आणि मला लावून आत बसली. आई कामावरून आली. तिने ना मला बडवलं, ना आवाज चढवला. ती माझ्याबाहेर जमिनीवर बसली आणि तिने पाठ मला टेकवली.

"मी काही विचारत नाहीये," ती म्हणाली. "माझे पाय दुखतायत म्हणून बसलेय."

आतून माझ्या दुसऱ्या बाजूला एक छोटी पाठ टेकली.

"आई, बाबांचं मीटर तुटलं."

"तुटलं की तोडलं?"

ती विचारात पडली. "थोडं तुटलं, थोडं तोडलं."

आई हसू दाबत होती, ते मला पाठीवरून कळलं. तोंडं दिसत नव्हती म्हणूनच ते बोलणं झालं. डोळ्यात डोळे घालून "खरं सांग" म्हटलं असतं तर पोरीने मांजराचं नाव घेतलं असतं, आणि या घरात मांजरही नव्हतं.

तेव्हापासून त्या दोघींची रीतच पडली. अवघड काही असलं की ढमी मला लावून आत बसायची आणि आई बाहेर. मध्ये मी. गणितात नापास झाली ते इथे सांगितलं. मैत्रिणीशी कट्टी झाली ते इथे. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा पोर घाबरून गेली होती, तेही इथेच. दोन पाठींची ऊब मला दोन्ही अंगांनी लागायची. मुख्य दाराला नसेल एवढा मान मला तेव्हा वाटायचा. बाप तेव्हा कामावर असायचा. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण आईला माहीत होतं! हे लक्षात ठेवा, आईला सगळं माहीत होतं.

मग ढमी तेराची झाली.

तिचीही बाजू मी घेणार नाही, कारण त्या वर्षात मी जे सोसलं ते माझं मला ठाऊक. जाता-येता धाडकन आपटायची. चौकटीचं प्लास्टर पडलं. ओला टॉवेल माझ्या डोक्यावर. मागे लावलेल्या आरशासमोर तासभर केसांची एकच बट कधी इकडे, कधी तिकडे. प्रश्न कुठलाही असो, उत्तर ठरलेलं: काही नाही. "काय झालं?" काही नाही. "कुणाशी बोलत होतीस?" काही नाही. "अगं, खायला काय करू?" काही नाही! आणि बाप रस्त्यात चारचौघांत "ढमेऽऽ" म्हणून हाक मारायचा. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येऊन ती तो राग कुणावर काढायची? अर्थात माझ्यावर. वड्याचं तेल वांग्यावर.

बापाचं टकटक करणं म्हणजे तर चेष्टाच. एका हाताने टकटक आणि त्याच हाताने ढकलणं. मग टकटक कशाला, आपल्या हाताला व्यायाम म्हणून?

आता मुख्य प्रश्न. ती दार लावून आत करायची काय? आई-बाप रोज यावर खलबतं करायचे. फोन असेल. मुलगा असेल. काहीतरी नक्कीच असेल. अहो, मी साक्षीदार आहे, मला विचारा ना! ती काहीही करत नव्हती. पडून छताकडे बघायची. स्वतःशी बोलायची. आरशात रागावून बघायची, मग हसून बघायची. कधी उगाच रडायची आणि रडून झालं की नखं रंगवायची. दिवसभर सगळ्यांनी पाहिलेलं तोंड जरा वेळ कुणी पाहू नये, एवढंच तिला हवं होतं. तुम्हीही न्हाणीघरात जरा जास्तच वेळ घालवता ना? मग?

अशात एका संध्याकाळी तिने मला हळू लावलं. आपटलं नाही. मला तेव्हाच शंका आली. ती आत माझ्याशी पाठ टेकून बसली आणि तिने हाक मारली, "आई, येतेस जरा?"

आई आली, बसली. पण तिच्या हातात फोन होता आणि डोक्यात पार्लर.

"आई, उद्या शाळेत नाही गेले तर?"

"बरं नाही वाटत का?"

"तसं नाही."

"मग कसं? परीक्षा तोंडावर आलीय, ढमे. थांब, फोन येतोय. आपण उद्या बोलू हं."

आई उठली. आतली पाठ मात्र उठली नाही. पुढचं वाक्य तिच्या पाठीत थरथरत होतं. मला ते जाणवत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो.

ते "उद्या" काही आलंच नाही. त्याऐवजी एक बाई आल्या, पार्लरमध्ये केस रंगवायला. त्यांची मुलगी ढमीच्याच वर्गात. त्यांनी आईला शहाणपण शिकवलं: "आमच्याकडे ही दार लावायची भानगडच नाही. यांनी दारच काढून ठेवलंय. मुलगी कशी सुतासारखी सरळ झाली!" आईने हे घरी येऊन सांगितलं. बाप जेवता जेवता थांबला. त्याला हे फार पटलं. झाकण काढणारा माणूस तो, त्याला का नाही पटणार?

सुट्टीच्या दिवशी दुपारी ढमी कडी लावून, कानात गाणी घालून झोपली. आईने जेवायला हाक मारली. उत्तर नाही. टकटक केली. उत्तर नाही. आईचा आवाज चढला, मग चिरकला, मग त्या आवाजात नुसती भीती उरली. "अहो, ती बोलत नाहीये! अहो, बघा ना!" बाप धावत आला आणि त्याने खांदा दिला. पहिल्या धक्क्याला मी टिकलो. दुसऱ्याला कडी स्क्रूंसकट माझ्या अंगातून उचकटून निघाली.

ढमी दचकून उठली. "काय झालं?"

तेव्हा त्या दोघांची तोंडं बघायला हवी होतीत. बापाने पोरीला डोक्यापासून पायापर्यंत दोनदा पाहून घेतलं. आई भिंतीला धरून उभी होती. त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की, बाळा, आम्ही फार घाबरलो. चार शब्द! पण मोठ्या माणसांना घाबरल्याची लाज वाटते, रागावल्याची वाटत नाही.

"कडी लावायची हिंमत कशी झाली तुझी?" बाप ओरडला.

"झोपले होते मी! आता झोपायचं पण नाही का?"

"उलट बोलतेस? थांब!" आणि तो हत्यारांची पिशवी घेऊन आला.

ढमीला कळलं तेव्हा ती पलंगावरून उतरली. "बाबा, नको ना. कडी नका लावू परत. पण दार नका काढू. प्लीज."

बाप स्क्रू फिरवत राहिला. ढमीने आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते आईला कळायला हवं होतं, कारण माझ्याशी पाठ टेकून तीच तर बसत आली होती. आणि आई काय म्हणाली? "त्या बाईंकडेही काढलंय म्हणे. थोडे दिवस राहू दे."

बापाला मी एक वेळ माफ करीन. त्याला ठाऊक नव्हतं. पण आईचं हे वाक्य मला खालच्या बिजागरीपर्यंत झोंबलं. अडसर समजून मला काढता? जिथे तुमची लेक तुमच्याशी बोलत होती, ती जागा तुम्ही स्वतःच्या हाताने उपटून बाल्कनीत नेऊन ठेवलीत!

बाल्कनीत माझ्या एका बाजूला धुण्याची मशीन आणि दुसऱ्या बाजूला बापाचे भंगार भाग. माझ्या अंगावर पायपुसणी वाळत घालायचे. पण तिथून मला बाल्कनीही दिसायची आणि घरही, त्यामुळे घरात कुणी पाहत नव्हतं ते मी पाहत होतो.

ढमी गुणी झाली. "हो आई." "नाही बाबा." कपडे न्हाणीघरात बदलायची. अभ्यासाला रिकाम्या चौकटीकडे पाठ करून बसायची. आई-बाप खूश! "बघ, आता कशी आदळआपट बंद झाली," बाप म्हणायचा. अरे शहाण्या, आदळायला दारच नाही तर आवाज कुठून येणार?

आणि रोज शाळेतून आली की आई यायच्या आधी ती बाल्कनीत यायची. डबा उघडायची. डबा भरलेला असायचा, जसा सकाळी आईने दिला तसा. ती तो कठड्यावर पालथा करायची. कावळे यायचे. मग ती डबा घासून ठेवायची. आई डबा पाहून म्हणायची, "शहाणी माझी, सगळा संपवतेस आता." पोर दिवसेंदिवस सुकत चालली होती आणि कावळे जाड होत होते. मला तोंड असतं तर मी आईच्या कानात किंचाळलो असतो. रागाने माझं प्लाय सुटायला आलं. लोक म्हणाले, दमट हवेने.

मग एका दुपारी आई अवेळी घरी आली. चप्पल न काढता थेट बाल्कनीत येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. ती हुंदके देत बोलत होती.

"अहो, तिच्याशी वर्गात कुणी बोलत नाहीये. कुणीच नाही. त्या केसवाल्या बाई आल्या होत्या, त्या हसत हसत म्हणाल्या, 'तुम्हाला माहीत असेलच.' चाचणीत मुलींनी कॉपी केली, वर्गाच्या बाईंनी विचारलं, आणि आपलीने उभं राहून खरं सांगितलं. तेव्हापासून सगळ्यांनी वाळीत टाकलंय. एकटी बसते. डबाही कुणी जवळ बसून खाऊ देत नाही. अहो, सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपल्याला माहीत नाही!"

खरं बोल, खरं बोल म्हणून तिच्यामागे लागला होता कोण? तुम्हीच ना? पोर खरं बोलली आणि त्याची शिक्षा वर्गात भोगत राहिली. घरी येऊन सांगायला गेली तर घरात दुसरी शिक्षा तयार.

आईने फोन ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पायपुसणी काढून फेकली आणि मला उचलायला लागली. बाई अंगाने बारीक, मी जड. तिने मला ओढलं, फरशीवर चरे पाडत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला आपटत, खोलीपर्यंत नेलं. चौकटीत उभं केलं. पण दार एकट्याने बसत नाही. एकाने धरावं लागतं, दुसऱ्याने स्क्रू फिरवावे लागतात. ती एका हाताने मला धरायची, दुसऱ्याने पेचकस लावायची, की मी कलंडायचो. ती रडत होती आणि मला शिव्या देत होती. मीही तिला देत होतो.

तेवढ्यात ढमी शाळेतून आली. दप्तर पाठीवर, हातात भरलेला डबा. काय चाललंय ते तिने पाहिलं. तिने दप्तर खाली ठेवलं, आत गेली, माझ्याखाली स्वतःचा पाय पाचरीसारखा सारला आणि मला दोन्ही हातांनी पेललं. ती आत, आई बाहेर. आईने वरचा स्क्रू लावला. दुसरा लावला.

"तू मला सांगितलं का नाहीस गं?" आईने शेवटी विचारलं.

ढमीने खांदा लावून मला आणखी घट्ट धरलं.

"कुठे सांगायचं होतं?" ढमी म्हणाली.

पेचकस आईच्या हातून पडला. इतके दिवस मी जे आतल्या आत ओरडत होतो, ते पोरीने तीन शब्दांत सांगून टाकलं.

बाप धापा टाकत जिन्यावरून आला. त्याने पडलेला पेचकस उचलला. "सरक, मी लावतो."

"नाही," आई म्हणाली. "तुम्ही धरा. मी काढायला लावलं, मीच लावते."

त्याने मला धरलं. त्याच्या हातांना दार काढता येतं, पण नुसतं धरून उभं राहणं त्याला जड जात होतं. खालची बिजागरी लागली तेव्हा तो माझ्याकडेच तोंड करून पुटपुटला, "त्या दिवशी मी फार घाबरलो होतो गं."

आत्ता बोलला! एवढे दिवस बाल्कनीत सडवलं आणि आत्ता!

"मग तसं म्हणायचं ना, बाबा," आतून आवाज आला. तो आवाज काही मऊ नव्हता. माफ-बिफ केल्याचा तर मुळीच नव्हता. आणि मला विचाराल तर बरोबरच होतं. चार स्क्रू पिळले म्हणून सगळं जागच्या जागी येत नाही.

शेवटचा स्क्रू बसला आणि ढमीने मला लावलं. लावलं म्हणजे काय, धाडकन आपटलं! चौकटीचं उरलेलं प्लास्टर बापाच्या डोक्यावर पडलं. मला किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू!

माझा राग अजून गेलेला नाही. कडीच्या जागी भोक आहे, पोटाशी प्लाय सुटलंय, आणि ती चापट्या मारायची सवय या घरातून सुटेल याची मला खात्री नाही. आई-बापांनो, तुमच्याही घरी असेल एखादं आतलं दार. भीती वाटली तर भीती म्हणा. रागवायचंच असेल तर माणसावर रागवा, लाकडावर नको. टकटक कराल तर थांबाही. आणि लेकरू म्हणालं "आई, येतेस जरा?" तर फोन खाली ठेवून जा.

आता आई माझ्याबाहेर जमिनीवर बसलीय. बाप आधी नुसता उभा राहिला, कुठे जावं ते न कळून, मग तोही तिच्याशेजारी बसला. पहिल्यांदाच. त्याची पाठ रुंद आहे आणि घामाने भिजलीय. मग माझ्या आतल्या अंगाला एक पाठ टेकली. हळू.

"आई," ढमी म्हणाली. "बाबा पण आहेत का तिथे?"

"आहे मी," बाप म्हणाला.

"बरं. मग ऐका."

आणि ती बोलायला लागली.

काय बोलली? ते तुम्हाला कशाला हवं? गावात पसरलं होतं तेवढं मी तुम्हाला सांगितलं. आता ती जे सांगतेय ते तिच्या माणसांसाठी आहे. मी दार आहे, खिडकी नव्हे. चला, निघा आता.